गोळ्या सुरू केल्या आणि अंगावर पुरळ उठलं, आता काय?

यावेळी एकाच विषयावरची पत्रं एकत्र घेतलीयेत. सगळी एचआयव्हीच्या गोळ्या, म्हणजे एआरटी, नुकत्याच चालू केलेल्या लोकांची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत आणि जवळपास प्रत्येक पत्राच्या शेवटी तोच प्रश्न आहे, ‘गोळ्या बंद करू का?’ एचआयव्ही असलेल्या बहुतेकांना कधी ना कधी त्वचेचा काहीतरी त्रास होतोच, त्यामुळे तुम्ही एकटे नाही हे आधी डोक्यात घ्या. पत्रं थोडी कापलीयेत, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

प्रश्न : मॅडम, वय ३१. गोळ्या चालू करून ११ दिवस झाले. रात्री एक गोळी घेतो, त्यावर टेनोफोविर, लॅमिवुडिन, डोल्युटेग्राविर असं लिहिलंय. सोबत सकाळी घ्यायला एक मोठी पांढरी गोळी दिलीय, ती पण त्याच दिवशी चालू केली. परवापासून छातीवर नि पाठीवर बारीक लाल पुरळ उठलंय, खाज आहे, ताप नाही. मोठा भाऊ म्हणतो आधी सगळं बंद कर, जीव राहिला तर बाकीचं बघू. काल रात्रीपासून दोन्ही बंद केल्यात. चुकलं का माझं?

उत्तर : दादा, घाबरून केलंत, कुणीही केलं असतं, पण आज उठा आणि दाखवून या, उद्यावर टाकू नका. कारण रात्रीच्या गोळीतलं डोल्युटेग्राविर पुरळ आणतं ते क्वचितच, आणि माझा संशय त्या सकाळच्या पांढऱ्या गोळीवर जास्त आहे. ती बहुतेक को-ट्रायमोक्साझोल असणार, पाकिटावर सल्फामेथॉक्साझोल असं लांबलचक नाव वाचायला मिळेल. हे सल्फाचं औषध. एचआयव्ही असलेल्यांना याची रिअॅक्शन इतरांपेक्षा खूप जास्त येते आणि ती येते साधारण दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे तुमचा ९ वा १० वा दिवस अगदी बरोब्बर बसतो. म्हणूनच बरेच डॉक्टर ही गोळी आधी देतात आणि एआरटी थोड्या दिवसांनी, दोन्ही एकदम चालू केल्या की गुन्हा कुणाचा तेच कळत नाही.

पण म्हणून ती गोळी फालतू आहे असंही समजू नका. सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा रक्तातला आकडा) कमी असताना होणारा एक वाईट न्यूमोनिया आणि मेंदूतला टॉक्सोप्लाझ्मा नावाचा संसर्ग, या दोन्हीपासून ती वाचवते. रॅश साधी असेल तर डॉक्टर खाजेची गोळी देऊन तीच चालू ठेवतील, किंवा थांबवून नंतर अगदी बारीक डोसपासून वाढवत वाढवत अंगाला सवय लावतील, नाहीतर त्याऐवजी डॅप्सोन नावाचं दुसरं औषध देतील, त्याच्या आधी जी-सिक्स-पीडीची रक्ततपासणी करून घेतात. मार्ग आहेत, पण ते त्यांनी निवडायचे.

आता उजेडात आरशासमोर उभे राहा आणि नीट बघा. ओठ उलटे करून आतल्या बाजूला फोड किंवा साल निघालेली आहे का? डोळे लाल, चिकट झालेत का? पुरळावर बोट टेकवलं की नुसती खाज आहे का दुखतंय? दुखणं आणि खाजणं यात फार फरक आहे. कुठे पाण्याचे फोड आहेत का, अंगठ्याने हलकंसं घासलं की कातडी सरकते का? ताप, चेहऱ्यावर सूज, श्वास लागणं, डोळ्यात पिवळेपणा, उलट्या? यातलं एक जरी असेल तर पुढचा कुठलाच डोस न घेता, सगळी पाकिटं पिशवीत घालून त्याच तासाला मोठं हॉस्पिटल गाठायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. ही स्टीव्हन्स-जॉन्सनसारख्या, म्हणजे कातडी सोलून निघणाऱ्या औषधाच्या रिअॅक्शनची सुरुवात असू शकते आणि त्यात एकेक तास महत्त्वाचा असतो. यातलं काहीच नसेल तर इतकी घाई नाही, पण दाखवायचं मात्र आजच.

अजून एक करा, आणि हे सगळ्याच वाचकांना सांगते. एका कागदावर मधे उभी रेघ मारा. डावीकडे कुठली गोळी कुठल्या तारखेला चालू केली, उजवीकडे अंगावर काय कुठल्या तारखेला दिसलं. टीबीची गोळी, तापाची, दुखण्याची, कुणीतरी दिलेली ताकदीची, सगळं लिहा. आणि मोबाइलमध्ये रोज एक फोटो, त्याच जागेचा, त्याच उजेडात. ओपीडीत माझी अर्धी वेळ ‘नक्की आधी काय आलं’ हे विचारण्यातच जाते आणि पेशंटला आठवत नाही, ती रेघ मारलेली चिठ्ठी पुढे आली की पाच मिनिटांत निम्मं उत्तर मिळतं.

राहिलं बंद करण्याचं. एआरटी मधेच सोडली की विषाणू काही आठवड्यात परत वर येतो. जुन्या गोळ्यांमध्ये तर अजून एक गोची आहे, एफाविरेन्झ आणि नेविरापिन रक्तात खूप दिवस रेंगाळतात, सोबतच्या गोळ्या लवकर उतरतात, मग विषाणूसमोर एकटंच औषध उरतं आणि तो त्याला सरावतो, पुढे ते औषध कामाचं राहत नाही. म्हणून बंद करायच्या तरी कशा, हे पण डॉक्टरच ठरवतात. (ज्यांच्याकडे अजून त्या जुन्या गोळ्या आहेत त्यांच्यासाठी, एफाविरेन्झची रॅश बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत येते आणि गोळी चालू असतानाच महिन्याभरात जाते. नेविरापिन पहिले १४ दिवस दिवसातून एकदाच २०० मिलिग्रॅम देतात ते रॅश टाळायलाच, त्या काळात पुरळ आलं तर ते जाईपर्यंत डोस वाढवायचा नसतो.)

प्रश्न : डॉक्टर, मी ४४ वर्षांची आहे, सीडी-४ ६८ होता तेव्हा औषध सुरू झालं. सहा आठवडे झाले, एक गोळी चुकवली नाही, वजन दोन किलो वाढलं, बरं वाटायला लागलं होतं. आणि आता डाव्या बरगडीखाली नागीण निघाली. आग आग होतेय, ब्लाउज पण टेकवत नाही. म्हणजे औषध लागू पडत नाही ना? सहा आठवडे वाया गेले का?

उत्तर : ताई, वाया काही गेलेलं नाही, उलट औषध लागू पडतंय म्हणूनच हे झालं असण्याची शक्यता जास्त आहे. ऐकायला विचित्र वाटेल पण बंद घर खूप वर्षांनी उघडून झाडायला घेतलं की आधी धुरळाच उडतो, तसंच. सीडी-४ तळाला गेला होता तेव्हा शरीर भांडतच नव्हतं, कांजिण्यांचा विषाणू लहानपणापासून नसेच्या मुळाशी दडून बसलेला होता त्याच्याशी पण नाही. आता प्रतिकारशक्ती परत आली आणि तिने सगळीकडे एकदम हात घातला. याला आयरिस म्हणतात. बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत होतं, सीडी-४ १०० च्या खाली असताना औषध सुरू केलेल्यांना जास्त. नागीण हे त्यातलं अगदी नेहमीचं रूप. कुणाला जुन्या जागी हर्पिसचे फोड येतात, कुणाचे चामखीळ वाढतात, कुणाच्या अंगावर एक बधिर फिकट चट्टा वर्षानुवर्षं गप्प पडलेला असतो तो अचानक लाल होऊन सुजतो आणि तेव्हा कळतं की तो कुष्ठरोगाचा होता. औषधाने नवा आजार दिला असं नाही, आत होता तो बाहेर दिसला.

नागिणीचं औषध पहिला फोड दिसल्यापासून ७२ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी. मोठ्या माणसाला सहसा असायक्लोविर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, ७ दिवस देतात, किडनी ठीक नसेल तर डोस बदलतो, त्यामुळे स्वतः आणून घेऊ नका. तुमचे तीन दिवस उलटून गेले असतील तरी जा, नवे फोड येत असतील तर एचआयव्ही असलेल्यांना नंतरही औषध देतात. कपाळावर, डोळ्याच्या बाजूला किंवा नाकाच्या शेंड्यावर नागीण आली तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर, कारण दृष्टी जाऊ शकते. फोड सुकून खपली धरेपर्यंत सैल सुती कपड्याने झाकून ठेवा आणि ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत अशी लहान मुलं आणि गरोदर बायका यांना त्या फोडांपासून लांब ठेवा. नंतरही आग राहिली तर सहन करत बसायचं नाही, नसेच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात, साध्या पेनकिलरने ते भागत नाही.

आणि एआरटी चालूच, एकही दिवस न चुकवता. औषध लागू पडलं की नाही हे त्वचेवरून ठरवायचं नसतं, व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्यावरून ठरतं, तो सहाव्या महिन्यात बघतील. दोन किलो वाढलेलं वजन मात्र आत्ताच बोलतंय.

प्रश्न : दोन वर्षं हातापायांवर खाजऱ्या पुटकुळ्या आहेत, खाजवून खाजवून काळे डाग पडलेत, फुल शर्ट घालूनच फिरतो. तीन वेळा खरजेचं औषध लावलं, घरच्यांना पण लावायला लावलं, त्यांना तर काहीच होत नव्हतं. मग कुणीतरी एचआयव्ही टेस्ट करायला सांगितली तेव्हा कळलं. गोळ्यांना महिना झाला, पुटकुळ्या तशाच. कधी जाणार?

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, दोन वर्षं हात झाकून फिरायचं म्हणजे काय असतं ते मी रोज समोर बघते. पँट गुडघ्यापर्यंत वर केली की नडग्यांवर दिसतं ते, मसुराच्या दाण्याएवढे घट्ट उंचवटे, प्रत्येकाचं टोक नखाने उडवलेलं, मधेमधे जुने काळे गोल डाग, आणि दोन्ही पायांवर जवळपास सारखंच. हे दिसलं की आधी विचारायचं असतं टेस्ट झालीय का, कारण पुष्कळ लोकांमध्ये एचआयव्ही पहिल्यांदा याच खाजेतून ओळखू येतो. सीडी-४ बराच खाली, साधारण २०० च्या आत आल्यावर हे जास्त होतं.

हे होतं कशाने? २००४ साली युगांडातल्या रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला होता, त्यात अशा पुटकुळ्यांचे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघितले तर बहुतेकांमध्ये किडा चावल्यावर त्वचेत जे दिसतं तेच दिसलं. म्हणजे डास वगैरे सगळ्यांनाच चावतात पण बिथरलेली प्रतिकारशक्ती त्याला नको तितकी मोठी प्रतिक्रिया देते, दुसऱ्याची गांधी तासाभरात जाते, तुमची आठवडाभर खाजते. म्हणून घरच्यांना काही नव्हतं. खरूज असती तर बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, जांघेत, बेंबीच्या भोवती असती आणि घरात अजून कुणीतरी खाजवत बसलं असतं. पण हे पण सांगते, एचआयव्हीमध्ये खरूज जाड खपल्यांची होऊ शकते, खाज कमी आणि माइट, म्हणजे खरजेचे बारीक किडे, लाखोंनी, ती फार पसरते, त्यामुळे हातापायांवर जाड भुशासारखे थर दिसले तर लगेच दाखवायचं.

याचं खरं औषध एआरटीच. महिना म्हणजे फार थोडा वेळ झाला, सीडी-४ चढायला महिने लागतात, पुटकुळ्या कमी होतात त्या पण काही महिन्यांत, काहींना वर्ष जातं. डाग त्याहून उशिरा फिके होतात, पण होतात. तोपर्यंत रात्री खाजेची गोळी, डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइडचं मलम फक्त पुटकुळ्यांवर आणि सांगितले तेवढेच दिवस, आंघोळ कोमट पाण्याने, अंग ओलसर असतानाच व्हॅसलिनसारखं काहीतरी साधं चोळायचं. कोरड्या त्वचेची खाज वेगळी असते आणि ती यात मिसळून जाते, नुसतं मॉइश्चरायझर नेमाने लावून झोप लागायला लागली असं सांगणारे खूप आहेत. मच्छरदाणी लावा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आता डास चावू नयेत म्हणून घाला. नखं बारीक कापलेली ठेवा.

चेहरा, छाती, पाठीचा वरचा भाग इथे केसांच्या मुळाशी खाजरे फोड आले तर तो वेगळा प्रकार असू शकतो आणि तो गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत आधी वाढतो पण, तेव्हा घाबरू नका, दाखवा.

प्रश्न : मिस्टरांची नखं निळसर काळी पडत चाललीत, जिभेवर पण डाग. गोळीत झिडोवुडिन आहे. विषबाधा आहे का ही?

उत्तर : नाही. झिडोवुडिनने नखांवर असे निळे-तपकिरी पट्टे येतात, सावळ्या रंगाच्या लोकांना जास्त. दुखत नाही, इजा नाही. त्यांना चढ चढताना दम लागतो का, फिकट दिसतात का ते मात्र बघा, या औषधाने रक्त कमी होतं, हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि एकाच नखावर एकच काळी रेघ रुंद होत चालली असेल तर ती गोळीवर ढकलू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : अबाकाविर असलेली गोळी सुरू केल्यावर दहाव्या दिवशी ताप, पुरळ, मळमळ, घसा दुखणं असं झालं, प्रत्येक डोसनंतर वाढत होतं. घाबरून मी स्वतःच बंद केली, दोन दिवसात सगळं गेलं. आता अंग ठीक आहे, बाटलीत गोळ्या शिल्लक आहेत. परत चालू करावी का, का आधी अर्धी घेऊन बघू?

उत्तर : नको. अर्धी नको, पाव नको, चाटून बघायला पण नको. हे पत्र आलं त्याच दिवशी तुम्हाला उत्तर पाठवलं होतं, इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी. तुम्ही लिहिलंय ते अबाकाविरच्या अॅलर्जीचं पुस्तकातल्यासारखं चित्र आहे, पहिल्या सहा आठवड्यांत येते, प्रत्येक डोसला वाढते, बंद केलं की उतरते. आणि हीच अॅलर्जी दुसऱ्यांदा औषध घेतलं की काही तासांत बीपी पाडते, माणूस जाऊ शकतो. पहिल्यांदा सौम्य होती म्हणून दुसऱ्यांदा सौम्य राहील असं अजिबात नाही.

एचएलए-बी ५७०१ नावाची रक्ततपासणी असते, ज्यांच्यात ती पॉझिटिव्ह येते त्यांना अबाकाविर द्यायचंच नसतं, म्हणून शक्य असेल तिथे सुरू करण्याआधी करतात. पण एकदा अशी रिअॅक्शन येऊन गेली की नंतर टेस्ट निगेटिव्ह आली तरी परत घ्यायचं नाही. बाटली डॉक्टरांकडे परत द्या आणि दुसरं औषध लगेच सुरू करून घ्या, बिनगोळीचं राहू नका. तुमच्या कार्डावर मोठ्या अक्षरात ‘अबाकाविर नको’ लिहून घ्या. हे औषध लॅमिवुडिनबरोबर किंवा डोल्युटेग्राविरबरोबर एकाच गोळीत पण मिळतं, ब्रँडचं नाव वेगळं असतं, त्यामुळे नवीन पाकीट हातात आलं की आतल्या औषधांची नावं वाचायची.

प्रश्न : दाढीच्या भागात मोत्यासारखे छोटे फोड आहेत, मधे खळगा. गोळ्यांच्या दुसऱ्या महिन्यात वाढलेत. नखाने फोडले तर पांढरं निघतं.

उत्तर : फोडू नका आणि तूर्त त्या भागावर वस्तरा फिरवू नका, ट्रिमर वापरा, एकेका कापलेल्या फोडातून रांग तयार होते. बहुतेक मोलस्कम आहे, विषाणूचाच प्रकार, सुरुवातीला वाढून मग सीडी-४ चढला की बरेचदा आपोआप जातो, नाहीतर गोठवून किंवा खरवडून काढतात. पण एक गोष्ट आहे. असेच खळगीवाले फोड क्रिप्टोकॉकससारख्या बुरशीने पण येतात आणि ती बुरशी मेंदूपर्यंत जाते. म्हणून ताप, डोकं सतत दुखणं, मान आखडणं, उजेड सहन न होणं, वजन उतरणं यातलं काही असेल तर फोडांचा विचार सोडा आणि त्याच दिवशी हॉस्पिटलला जा. सीडी-४ १०० च्या खाली असताना यासाठी रक्ताची टेस्ट करतात, तुमची झाली होती का ते विचारा.

प्रश्न : जांघेत गजकर्ण होतं, मैत्रिणीने तिच्याकडचं क्रीम दिलं, चार दिवसात लाली गेली, आता तिप्पट पसरलंय. माझ्या एआरटीमध्ये रिटोनाविर आहे, त्याचा काही संबंध?

उत्तर : संबंध आधी त्या क्रीमचा. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन लिहिलंय का बघा, ते स्टिरॉइड आहे, लाली दाबतं आणि खाली बुरशी मजेत वाढते. बंद करा, फक्त बुरशीचं औषध घ्या आणि डाग गेल्यासारखा वाटला तरी डॉक्टरांनी सांगितले तेवढे आठवडे पूर्ण लावा. आता रिटोनाविर, तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. रिटोनाविर आणि कोबिसिस्टॅट ही औषधं लिव्हरमध्ये बरीच औषधं अडवून धरतात, त्यामुळे काही स्टिरॉइड अंगात साठतात. दम्याच्या पंपातलं फ्लुटिकासोन, सांध्यात किंवा त्वचेत देतात ते ट्रायमसिनोलोनचं इंजेक्शन, यांनी चेहरा गोल होणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं इथपर्यंत जातं. बुरशीच्या पोटात घ्यायच्या काही गोळ्यांचं पण त्याच्याशी जमत नाही. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी एआरटीची चिठ्ठी दाखवायची, सांगायला संकोच वाटला तर नुसता कागद पुढे करा.

प्रश्न : माझ्या बहिणीला एचआयव्ही आहे, गोळ्या सुरू झाल्यापासून अंगावर पुरळ आहे. घरातले म्हणतात तिचा टॉवेल, अंथरूण वेगळं करा. ती रडते. काय करू?

उत्तर : एचआयव्ही टॉवेलने, अंथरुणाने, मिठी मारल्याने होत नाही, पुरळ असलं तरी नाही. औषधाचं पुरळ कुणालाच लागत नाही. खरूज किंवा गजकर्ण निघालं तर टॉवेल वेगळा ठेवायचा, तो घरात कुणालाही झालं तरी ठेवतोच, आणि खरजेचं औषध सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, तिने एकटीने नाही. तिला घेऊन डॉक्टरांकडे तुम्हीच जा, पुरळ कसलं आहे ते एकदा कळू दे, आणि आज रात्री तिच्या शेजारी झोपा.